सेकंडहँड स्पोर्ट्स सेडान घेताय? आधी हे तपासा

परवा अंधेरीत मित्रासोबत बीएमडब्ल्यू ३३०आय बघायला गेलो. २५८ एचपी, ० ते १०० फक्त ५.८ सेकंदांत! गाडी खरंच देखणी, पण अशा गाडीत मन गुंतण्याआधी एवढं कराच.

🔹 पाणी: आपल्याकडे अंधेरी सबवेत दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाडी पाण्यात गेली असेल तर टोकाला चिखलाचे डाग दिसतात. कार्पेटखाली हात घाला, सीटच्या रेल्सवर गंज आहे का बघा.

🔹 डिझेल की पेट्रोल: घाटकोपर-अंधेरी रोजचा रखडत प्रवास असेल तर पेट्रोल घ्या. डिझेलच्या डीपीएफमधली (धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला मोकळा रस्ता लागतो, नाहीतर तो चोक होतो.

🔹 गिअरबॉक्स: ३३०आयमध्ये झेडएफचा ८ स्पीड आहे. झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमीदरम्यान ऑइल बदलायला सांगते. ते बदलल्याचं बिल मागा.

🔹 टायर: बाजूला चार आकडी तारीख असते. ३२२१ म्हणजे २०२१चा ३२वा आठवडा. रनफ्लॅट महाग असतात, तो खर्च किमतीत धरा.

🔹 कागद: नंबरवरून नोंदणी कुठली ते कळतं: एमएच-०२ अंधेरी, एमएच-४७ बोरिवली. वाहन पोर्टलवर कर्जाची नोंद बघा. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हवीच. थकलेली ई-चलनंही तपासा.

शेवटी स्कॅनर लावून एरर कोड बघा. त्यासाठी माहितगार मेकॅनिकला सोबत न्या.

कुठली गाडी बघताय? मॉडेल, वर्ष आणि किमी कमेंटमध्ये लिहा, काय तपासायचं ते नक्की सांगतो.