थोड्या किरणांनी कॅन्सर निर्ढावतो का?

गासहून नालासोपारा स्टेशन गाठून परळच्या टाटा रुग्णालयात शेक (कॅन्सरवरचा किरणोपचार) घ्यायला जाणाऱ्याच्या मनात येतंच: आधीच्या सीटी स्कॅनने गाठ निर्ढावली तर? शंका अगदीच अनाठायी नाही. १९८४ साली प्रयोगशाळेत दिसलं, की आधी अल्प किरणोत्सर्ग सोसलेल्या रक्तपेशींची गुणसूत्रं पुढच्या क्ष-किरणांनी कमी तुटतात. गंमत म्हणजे काही कॅन्सरपेशी उलट वागतात. अर्ध्या ग्रेहून (ग्रे म्हणजे किरणमात्रेचं एकक) कमी मात्रेला त्या अपेक्षेपेक्षा जास्त मरतात, कारण एवढ्याशा इजेने पेशीविभाजन थांबवून डागडुजी करणारी यंत्रणा नीट जागीच होत नाही. स्कॅनची मात्रा साधारण ०.०१ ग्रे, शेकाची रोजची बहुधा २ ग्रे. तेव्हा स्कॅनला घाबरू नका. शेकाचा खाडा मात्र टाळा, त्याने गाठीचं फावतं.