मजबूत कंडरा म्हणजे मजबूत गुडघा?

चढाई करणाऱ्या कबड्डीपटूचा पाय मॅटवर अडकतो, अंग मात्र वळतं आणि गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटतं. ते नुसतं शिवून सहसा भागत नाही. शरीरातलीच दुसरी कंडरा काढून तिथे बसवावी लागते; तिलाच ग्राफ्ट म्हणतात. मग घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, सगळ्यांत मजबूत असेल ती घाला.’

आकडे पाहिले तर निवड सोपी वाटते. तरुण माणसाचं मूळ एसीएल सुमारे २,१६० न्यूटन ताण सोसतं. वाटीखालच्या पॅटेलर कंडरेची १० मिलिमीटर रुंदीची पट्टी ३,००० च्या आसपास, तर मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा चारपदरी ग्राफ्ट ४,००० च्या पुढे. पण ही ताकद प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजलेली आहे. काढलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो. गुडघ्यात गेल्यावर तिच्या बऱ्याच पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मग सावकाश तिचं लिगामेंट होऊ लागतं. सुरुवातीचे काही महिने ती बसवल्या दिवसापेक्षाही कमकुवत असते. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि पोरगं सरावाला जायचा हट्ट धरतं. त्याला अडवाच. किमान नऊ महिने आणि मांडीची ताकद परत आल्याची चाचणी, याआधी मैदान नाही. मग ग्राफ्ट कुठलाही असो.

निवड करताना माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: हा गुडघा रोज काय करतो? पॅटेलर ग्राफ्टच्या दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो. हाडाला हाड लवकर जुळतं, म्हणून धडकाधडकीच्या खेळांत तो अनेकदा निवडतात. मात्र गुडघे टेकताना पुढून दुखण्याचा त्रास त्यात जास्त. वज्रासन, नमाज, फरशी बसवण्याचं काम रोजचं असेल, तर सर्जनला ते आधी सांगा. हॅमस्ट्रिंगमध्ये हा त्रास कमी, पण गुडघा जोराने वाकवण्याची ताकद थोडी घटू शकते. शिवाय ग्राफ्ट ८ मिलिमीटरपेक्षा बारीक निघाला, तर तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो.

‘ग्राफ्टसाठी घोट्याजवळची पेरोनियस कंडरा काढली की पाय अधू होतो’ हे खरं नाही. तिच्या शेजारचा स्नायू बरंचसं काम सांभाळतो.

‘दात्याची कंडरा घेतली की आपलं काही कापावं लागत नाही’ हे खरं, पण तरुण खेळाडूला ते महागात पडतं. अमेरिकेतल्या ‘मून’ या संशोधन गटाच्या अभ्यासात असा ग्राफ्ट तुटण्याची शक्यता स्वतःच्या कंडरेच्या सुमारे चौपट आढळली.

आणि ‘एसीएल तुटलं म्हणजे ऑपरेशन अटळ’? स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या चाचणीत ज्यांना आधी व्यायामोपचार दिले, त्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांतही शस्त्रक्रिया लागली नाही. गुडघा वारंवार निसटत असेल किंवा गुडघ्यातली गादीही (मेनिस्कस) फाटली असेल, तर मात्र सल्ल्याला उशीर नको.