बंद पडलेली डिस्क कोणाच्या हवाली करायची?

निरगुडसर, अवसरी, पारगाव, मंचर या पट्ट्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याच्या काउंटरवर जी डिस्क येते, तिच्यात क्वचितच एकट्या माणसाचा डेटा असतो. पतसंस्थेची टॅली असते. दूध संकलन केंद्राची दर दहा दिवसांची बिलं असतात. फोटो स्टुडिओवाल्याचं अजून एडिट न झालेलं लग्नाचं शूटिंग असतं, नाहीतर अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या मुलाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. पॉवर सप्लाय, रॅम, मदरबोर्ड या गोष्टी दुकानात बदलता येतात. डिस्क आतून गेली की मात्र हात टेकावे लागतात, आणि मग पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी कंपनीशी जोडून घ्यायचा विचार सुरू होतो.

विचार योग्यच आहे. पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. गिऱ्हाईक त्या कंपनीला ओळखत नाही, ते तुम्हाला ओळखतं. कंपनीने काम बिघडवलं, बिल फुगवलं किंवा कोणाचे घरचे फोटो बाहेर गेले, तर लोक जाब विचारायला तुमच्याच दुकानात येतील. म्हणून ही निवड कमिशनच्या टक्क्यावर करू नये. कशावर करावी हे सांगायचं, तर आधी या धंद्यातले काही पक्के बसलेले गैरसमज दूर करावे लागतात.

गैरसमज : आधी आपण सॉफ्टवेअर लावून पाहू, नाहीच जमलं तर कंपनी आहेच

सगळ्यात जास्त डेटा याच समजुतीपायी जातो, आणि जातो तो कंपनीच्या दारात पोहोचण्याआधी.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. हेड कमजोर झालं किंवा वाकलं की ते तबकडीला घासू लागतं. तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला गेला की त्या जागेवरचा डेटा जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. अशा डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवणं म्हणजे रात्रभर थर खरवडत बसणं.

म्हणून डिस्क काउंटरवर आली की आधी कान द्यायचा. टक-टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, फिरता फिरता थांबत असेल किंवा घासल्यासारखी चिरकत असेल, तर वीज तोडायची आणि पुन्हा जोडायची नाही. पडलेली डिस्क तर आवाज ऐकण्यासाठीसुद्धा चालू करू नये. आवाज स्वच्छ असेल तर स्मार्टचे आकडे पाहायचे : ०५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. सी५ समोरचा आकडा शून्यावर नसेल आणि वाढत असेल, तर विंडोजची चेकडिस्क चालवायची नाही. चेकडिस्क फाइल सिस्टीम नीट करण्यासाठी डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. विंडोज सुरू होताना ती आपोआपही चालते, तेव्हा संशयास्पद डिस्क विंडोज बूट करून तपासूच नये. किरकोळ खराब सेक्टर असतील, तर लिनक्सच्या डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत काढायची आणि पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतीवर करायची.

चांगली कंपनी भागीदारी करण्याआधी हे सगळं तुम्हाला विचारते. दुकानात कुठल्या लक्षणांवर तुम्ही थांबता, कुठे हात घालता, याची चौकशी करते. जी कंपनी एवढंच म्हणते की ‘काहीही पाठवा, आम्ही बघू’, तिला डिस्कचं मोल कळत नाही.

गैरसमज : क्लीन रूम आहे म्हणजे कंपनी भारी

क्लीन रूमचे फोटो प्रत्येक माहितीपत्रकात असतात. डिस्क उघडायची तर तशी स्वच्छ हवा लागतेच. धंद्यात जिला ‘क्लास १००’ म्हणतात ती पातळी आयएसओ मानकात ५ क्रमांकाची आहे : एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त नकोत. साध्या खोलीत ते कोट्यवधी असू शकतात. उसाचा हंगाम चालू असताना, ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावरून जात असताना दुकानात डिस्कचं झाकण उघडणं म्हणजे काय, हे या आकड्यावरून समजावं. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर धुळीच्या त्या एका कणाहूनही कितीतरी कमी असतं.

पण हेही तितकंच खरं की अनेक डिस्क उघडाव्या लागतच नाहीत. खराब सेक्टर, बिघडलेलं फर्मवेअर, पुसलेला फोल्डर ही कामं झाकण न काढता होतात. तिथे कौशल्य लागतं आणि पीसी-३००० सारखी खास यंत्रणा लागते. शिवाय लॅमिनार फ्लोच्या टेबलावरही तेवढीच स्वच्छ हवा मिळू शकते, त्यासाठी आख्खी खोली असलीच पाहिजे असं नाही.

तेव्हा फोटोवर न जाता विचारायचं की डिस्क उघडणार कुठे. पुण्यातल्या ऑफिसात की आणखी कुठे? या धंद्यात शहरातलं ऑफिस बऱ्याचदा फक्त डिस्क गोळा करण्यापुरतं असतं आणि माल पुढे दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत जातो. त्यात गैर काही नाही, पण डिस्कचा एक प्रवास वाढतो, वेळ वाढतो आणि ती किती हातांतून जाते याचा हिशेब बदलतो. कंपनी हेडची जोडी बदलण्यासाठी त्याच मॉडेलच्या जुन्या डिस्क स्वतःकडे ठेवते की प्रत्येक वेळी बाजारात शोधते, हेही विचारावं. काम चार दिवसांत होणार की महिन्याने, हे बरंचसं यावर ठरतं.

गैरसमज : ‘९९ टक्के यश’ म्हणजे आपल्याही डिस्कचं काम होणार

या टक्क्याला काही अर्थ नाही. कशाचा टक्का? आलेल्या सगळ्या डिस्कचा, की तपासणीनंतर ‘होईल’ म्हणून हाती घेतलेल्यांचा? दहापैकी एक फाइल मिळाली तरी ते यश धरलं का? हा आकडा कोणी बाहेरचा माणूस तपासत नाही.

९९ टक्क्यांची एक खरी गोष्ट मात्र आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतीच्या वाटेवर तुटलं. कल्पना चावला त्यातच गेल्या. त्या यानातल्या झेनॉन वायूच्या एका प्रयोगाची नोंद असलेली सीगेटची हार्ड डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमधल्या कोरड्या तळ्यात सापडली. जळलेली, प्लॅस्टिक वितळलेलं, आत धूळ गेलेली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा काढला आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे घडलं कारण डेटा असलेल्या भागावर तबकडी शाबूत राहिली होती. पडताना डिस्क फिरत नव्हती, आणि जुन्या डॉसमुळे डेटा सगळीकडे विखुरलेला नव्हता. आकाशातून पडलेली डिस्क वाचली, आणि टेबलावरून पडल्यावर तासभर ‘चालते का बघू’ म्हणून फिरवलेली डिस्क वाचत नाही. टक्क्याची जाहिरात हे सांगत नाही.

गैरसमज : पीसीबी बदलला की डिस्क चालू

एके काळी हे खरं होतं, म्हणून अजून बोललं जातं. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या पीसीबीवरच्या, बहुधा आठ पायांच्या, छोट्या चिपमध्ये असते. तशाच मॉडेलचा दुसरा पीसीबी लावला आणि ती चिप जुन्यावरून काढून बसवली नाही, तर डिस्क ओळखली जात नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर चुकून बाहेरच्या डिस्कला लावल्यावर ती मेल्यासारखी होते, तेव्हा बहुतेक वेळा टीव्हीएस डायोडने स्वतःचा बळी देऊन बाकीचं वाचवलेलं असतं. सोल्डरिंगवर हात बसलेल्या कारागिरालाही हे काम जमतं, पण डेटा मोलाचा असेल तर तेही सराव म्हणून करू नये. आणि डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर तो सोडून द्यावा. थंड डिस्क बाहेर काढली की आत-बाहेर दव धरतं.

गैरसमज : एसएसडीतूनही पुसलेलं परत येतं

हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी वरून दुसरं काही लिहीपर्यंत ती जागेवर असते. एसएसडीत विंडोज ‘ट्रिम’ची आज्ञा देते आणि कंट्रोलर ती जागा मोकळी करून टाकतो, कित्येकदा काही मिनिटांतच. लॅपटॉपच्या काही नव्या एसएमआर हार्ड डिस्कही ट्रिम पाळतात. म्हणून ‘फॉरमॅट झालेली एसएसडी, शंभर टक्के परत’ असं फोनवर सांगणारी कंपनी यादीतून काढून टाकावी.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक कुलूप असतं. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ४८ अंकी बिटलॉकर की नसेल, तर डिस्क दुरुस्त होऊनही आतलं वाचता येत नाही. डिस्क घेतानाच गिऱ्हाइकाला त्याचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडायला लावून ती की तिथे आहे का, हे पाहून घ्यायला सांगावं. हे पाच मिनिटांचं काम पुढचा सगळा खर्च वाचवू शकतं.

गैरसमज : ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ म्हणजे गिऱ्हाईक सुरक्षित

‘डेटा’ म्हणजे काय, हे कोण ठरवणार? पतसंस्थेच्या डिस्कवरून कंपनीने लाखभर फाइल काढून दिल्या, पण त्यात टॅलीच्या डेटा फोल्डरमधलं १०००० सारखं आकडी नावाचं फोल्डरच नसेल, किंवा असून उघडत नसेल, तर त्या लाख फाइलींचा संस्थेला काय उपयोग? पण कंपनीच्या लेखी डेटा मिळालेला आहे आणि बिल तयार आहे.

म्हणून डिस्कसोबत एक कागद जायला हवा : कोणत्या फाइल हव्यातच, त्या कुठे होत्या, शेवटच्या कधी उघडल्या. पैसे त्यांच्यावर ठरायचे. काम झाल्यावर नुसती फाइलींची यादी पाहून होकार द्यायचा नाही. यादीत नाव आणि आकार दिसतो, फाइल उघडते का हे दिसत नाही. दोन-तीन मोठ्या फाइल स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगायचं. लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ मधूनमधून पुढे नेऊन पाहायचा.

तपासणीचे पैसे, हेडसाठी लागणाऱ्या डोनर डिस्कचे पैसे, काम फसलं तरी द्यावा लागणारा ‘प्रयत्नखर्च’, कुरिअर आणि वरचा १८ टक्के जीएसटी, हे सगळं सुरुवातीलाच लेखी घ्यावं. नको म्हटल्यावर मूळ डिस्क परत येणार का, किती दिवसांत, आणि उघडली असेल तर तसं सांगणार का, हेही.

गैरसमज : भागीदारी म्हणजे कमिशन

कमिशन घेण्यात वावगं काही नाही. डिस्क ओळखणं, नीट बांधणं, गिऱ्हाइकाला समजावणं ही मेहनत आहे आणि तिचे पैसे व्हायला हवेत. पण कंपनीने सांगितलेल्या रकमेवर गुपचूप मजल्यावर मजले चढवले, तर गिऱ्हाईक एक दिवस थेट कंपनीला फोन करतं आणि खरा आकडा कळतो. त्यापेक्षा आपला आकार वेगळा, उघड लिहावा.

त्याहून मोठी गोष्ट खाजगीपणाची. डिस्कमध्ये पासबुकांचे फोटो, आधारच्या प्रती, घरातल्या बायका-मुलांचे फोटो असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा पाहणं-काढणं येतं, आणि कराराने हाती आलेली वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या किंवा लाभ उठवण्याच्या हेतूने उघड केली तर कलम ७२अ लागतं. त्यात आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भर पडली आहे. आपल्या पावतीवर दोन ओळी छापून घ्याव्यात की डिस्क पुढे अमुक कंपनीकडे जाईल, आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी. कंपनीकडून लेखी घ्यावं की काढलेल्या डेटाची प्रत ती किती दिवस ठेवते आणि नंतर कशी पुसते. या प्रश्नावर ज्यांची टाळाटाळ होते, त्यांच्याकडे गावातली एकही डिस्क पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅन्समवेअरचं थोडक्यात. फाइलींची नावं बदलली, खंडणीची चिठ्ठी आली, आणि एखादी कंपनी ‘आमचं खास तंत्र आहे’ म्हणत असेल तर सावध व्हावं. अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने २०१९ मध्ये दाखवून दिलं की असा दावा करणारे काही जण प्रत्यक्षात गुन्हेगारांनाच खंडणी देऊन चावी आणत होते आणि वर आपली फी लावत होते. आधी ‘नो मोअर रॅन्सम’ पाहावं. २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केलेला हा उपक्रम मोफत आहे, आणि काही प्रकारच्या रॅन्समवेअरच्या चाव्या तिथे खरोखर मिळतात.

आता निवड कशी करायची? दोन-तीन कंपन्या ठरवा आणि त्यांना गिऱ्हाइकाची नव्हे, स्वतःची डिस्क पाठवा. एका धडधाकट जुन्या हार्ड डिस्कवर ओळखीच्या फाइल भरा, एक फोल्डर पुसा आणि ‘फोल्डर दिसत नाही’ एवढंच लिहून द्या. ‘फाइल पुसली गेली आहे, साधं काम आहे’ असं उत्तर येतं, की हेड गेलंय, क्लीन रूम लागेल, इतके हजार होतील असं येतं? त्याच खेपेला शेतावरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआरही विचारून घ्या. बिबट्याचं फुटेज काढून द्या म्हणून आपल्या भागात माणूस येणारच. डीव्हीआरची फाइल सिस्टीम बनवणाऱ्यागणिक वेगळी असते आणि तो भरला की जुन्यावरच पुन्हा लिहीत जातो. कुठल्या बनावटीचे डीव्हीआर जमतात हे जी कंपनी नावानिशी सांगेल, आणि फोनवरच ‘आधी त्याची वायर काढायला सांगा’ म्हणेल, तिच्याशी कागदपत्रांचं बोलणं सुरू करायला हरकत नाही.