सव्वातीन मल्याळ्यांचं बंगळूर

एका पत्त्याचं नाव घेऊन आलेला अल्बम… पत्ता आता जुना झाला, गाणी नाही!

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या खोक्यातून जुन्या कॅसेट आणि सीडी निघतात. कुणी भंगारात टाकतं, तर कुणी फडक्यानं पुसून पुन्हा लावून बघतं. बंगळूरमध्ये ज्यांचं कॉलेज १९९०च्या दशकात झालं, त्यांच्या खोक्यात एक तबकडी हमखास सापडावी : ‘थर्मलअँडअक्वार्टर डॉट कॉम’. साल २०००.

अल्बमला वेबसाइटचा पत्ता हेच नाव! आज गंमत वाटेल, पण तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मेल बघायची ती वर्षं. त्याच साली मार्चनंतर अमेरिकेत डॉट कॉम कंपन्यांचा फुगा फुटला. या डॉट कॉमचं गाणं मात्र थांबलं नाही.

‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बॅण्ड १९९६ साली ख्राइस्ट कॉलेजच्या मुलांनी सुरू केला. नावामागे शुद्ध कॉलेजकट्ट्यावरची कोटी आहे. तिघं पुरते मल्याळी आणि एकजण पाव मल्याळी, म्हणून ‘थ्री मॅल्स अँड अ क्वार्टर’. भरभर म्हणा, थर्मल होतं! आपल्या मराठीत तर त्याला नेमका शब्द आहे : सव्वातीन. ब्रूस ली मणी गिटार वाजवत गाणार, राजीव राजगोपाल ड्रम्सवर, रूड डेव्हिड बेसवर, हा त्या काळातला कणा.

मग यात विशेष काय? विशेष हे, की ही मुलं स्वतःची गाणी गात होती. त्या काळी रॉकच्या मैफलीला येणारा श्रोता परदेशी बॅण्डच्या ओळखीच्या गाण्यांची फर्माईश करायचा. मुंबईत उदय बेनेगल, महेश तिनईकर यांच्या ‘रॉक मशीन’नं १९८८ सालीच स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढून वाट दाखवली होती, पण त्या वाटेवर गर्दी कधीच नव्हती. हिंदी सिनेमाचा आधार नाही, इंग्रजी शब्द, त्यात रॉकमध्ये जाझ आणि फंक मिसळलेलं. विकणार कोण, घेणार कोण?

आणि शहर कोणतं, तर जिथं पदवी हातात पडताच संगणक कंपनीचं दार उघडायचं! अशा गावात मुलगा गिटार घेऊन बसला, तर आई-वडिलांच्या पोटात गोळा येणारच.

या मंडळींनी आपल्या संगीताला नाव दिलं ‘बंगलोर रॉक’. पुढे २००२ साली ‘ज्युपिटर कॅफे’ आला. २०१२ साली ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज’ हा तीन तबकड्यांचा अल्बम आला; नावातली तीन चाकं आपल्या रिक्षाची! ‘डीप पर्पल’सारखा जगप्रसिद्ध बॅण्ड शहरात आला, तेव्हा आधी मंचावर चढायचा मान यांना मिळाला. त्यांनी संगीत शिकवणारी ‘ताकॅडमी’ही काढली.

आज तो पहिला अल्बम ऐकताना आठवतं ते जुनं शहर. महात्मा गांधी रस्त्यावरचं प्लाझा थिएटर पाडलं गेलं, तिथून २०११ साली मेट्रो धावू लागली. पुस्तकवेड्यांचं प्रीमियर बुकशॉप २००९ साली बंद झालं. ब्रिगेड रोडचं रेक्स थिएटर २०१८च्या अखेरीस मिटलं. शहराचं इंग्रजी नावसुद्धा २०१४ साली बदललं. इमारती गेल्या, त्या रस्त्यांवरून हिंडणाऱ्या मुलांचा आवाज तेवढा तबकडीत राहिला.

म्हणून खोकं उघडलंत, तर घाई करू नका. आणि शेजारच्या खोलीत तुमचा मुलगा एकच सुरावट पन्नासदा वाजवत असेल, तर ओरडण्याआधी एवढंच विचारा : “हे कुणाचं रे?” तो “माझं” म्हणाला, तर पाच मिनिटं बसून ऐकाच!