जुन्या ट्रकचा गंज

आमच्या गोव्यातील तांबडे खनिज म्हणजे मुख्यत्वे लोह आणि प्राणवायू यांचा संयोग. भट्टीत प्रचंड उष्णता आणि कोळसा खर्च करून हा संयोग तोडावा लागतो, तेव्हा कोठे लोखंड हाती येते. परंतु मूळ स्थितीकडे परतण्याची त्याची ओढ काही संपत नाही. गंज म्हणजे हा परतीचा प्रवासच होय. खाणीवरून धक्क्यापर्यंत खनिज वाहणारा ट्रक अखेर स्वतःच तांबडा पडू लागतो, यात नवल ते काय?

या प्रवासाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. कोरड्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही. पाण्यात मीठ मिसळले म्हणजे मात्र पत्र्यावर सूक्ष्म विद्युत्घटच सुरू होतात आणि गंज झपाट्याने वाढतो. आपल्याकडे पाऊस मुबलक आणि हवा खारी! २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा कित्येक ट्रक दारासमोर नुसते उभे राहिले. उभ्या गाडीच्या सांदीकोपऱ्यांत ओली माती नि पालापाचोळा साचतो आणि तेथेच गंजाला घर मिळते.

ॲल्युमिनियमवर धरणारा थर घट्ट असतो. तो आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नव्हे. तो सच्छिद्र असतो, फुगतो, खपल्या होऊन गळतो आणि खालचा कोरा धातू पुन्हा उघडा पाडतो. म्हणूनच गंजावर नुसता रंग फासणे ही फसवणूक होय. वरून गाडी नवी दिसते; आत पत्रा विरतच राहतो.

मग उपाय कोणता? प्रथम चिखल आणि मीठ गोड्या पाण्याने धुऊन गाडी पूर्ण वाळवावी. दरवाजांच्या तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात, ती मोकळी करावी. नंतर संशयित जागी हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा बहुधा शाबूत. बद आवाज आला तर आत पोखरलेला समजावा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा. सडलेला भाग कापून नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने बसवावे. त्यावर त्याच दिवशी गंजरोधक अस्तर आणि ते वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. सांध्यांच्या आतल्या बाजूस मेणयुक्त तेल फवारावे, कारण तेथे ब्रश पोहोचत नाही.

एक गोष्ट मात्र घरी करू नये. हौद्याचा पत्रा फुटला तर माल सांडेल. परंतु चॅसी किंवा ब्रेकच्या लोखंडी नळ्या गंजाने खाल्ल्या, तर उतारावर माणसे मरतील. त्यांची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावी आणि खर्चाकडे पाहून ती पुढे ढकलू नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहींच्या घरची चूल ट्रकवर पेटते. यंदा मे महिन्यात, पहिल्या सरीपूर्वी, वडिलांबरोबर एकदा गाडीखाली वाकून पाहा. रसायनशास्त्राचा जो धडा आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो, तो तेथे लोखंडावर लिहिलेला दिसेल. आणि वेळीच वाचला, तर एखाद्याचा जीवही वाचेल.