धड्यांतून घडलेली नजर
जपानमधील डिझाइन आणि छायाचित्रण शिक्षणाच्या चार दशकांचा मागोवा

टोकियो ऑलिम्पिकचे 1962 सालचे पोस्टर आजही पाहणाऱ्याला जागच्या जागी थांबवते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर शर्यत नुकतीच सुटली आहे. धावपटूंची शरीरे पुढे झेपावलेली, एकमेकांवर रचल्यासारखी दाटलेली आहेत. खाली सोनेरी रंगात पाच कडी आणि शहराच्या नावापुढे 1964 हे साल, याखेरीज एकही शब्द नाही. रचना युसाकू कामेकुरा यांची आणि छायाचित्र ओसामु हायासाकी यांचे, तर छायाचित्रणाचे दिग्दर्शन जो मुराकोशी यांनी केले. ऑलिम्पिकच्या अधिकृत पोस्टरवर छायाचित्र वापरण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. या पोस्टरमध्ये कॅमेऱ्याचे काम कुठे संपते आणि ग्राफिक रचनेचे कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. काळी रिकामी जागा छायाचित्रातली आहे आणि पोस्टरचीही आहे. जपानी डिझाइनचे कौतुक करताना आपण सहसा झेन, हायकू, छापचित्रांची परंपरा किंवा जात्याच असलेली सौंदर्यदृष्टी यांच्याकडे बोट दाखवतो. मला त्यापेक्षा साधे कारण अधिक पटते. या पोस्टरमागे तीस वर्षे चाललेली वर्गातली कामे आहेत. विद्यार्थ्याला छोटे, बांधीव काम द्यायचे, छायाचित्र आणि रेषा एकाच टेबलावर ठेवायच्या आणि काम झाल्यावर सगळ्यांसमोर त्याची चिकित्सा करायची, या सवयीने ती नजर घडवली. जपानी कलाशाळांत अशा कामाला ‘कादाई’ म्हणतात आणि नंतरच्या सामूहिक चिकित्सेला ‘कोह्यो’. या दोन शब्दांचा माग काढला तर चार दशकांचा इतिहास हाती लागतो.

छायाचित्रणाचे संस्थात्मक शिक्षण जपानमध्ये या चार दशकांच्या आधीच सुरू झाले होते. टोकियोच्या ललितकला विद्यालयात 1915 साली छायाचित्रणाचा विभाग निघाला आणि 1923 साली कोनिशी घराण्याच्या व्यवसायातून छायाचित्रणाची स्वतंत्र शाळा उभी राहिली. पण रसायने, भिंगे आणि स्टुडिओतली व्यक्तिचित्रे शिकणे वेगळे, आणि प्रकाश हे रचनेचे साधन म्हणून हाताळायला शिकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे शिक्षण आले ते जर्मनीतल्या बाउहाउस शाळेच्या वाटेने. ताकेहिको मिझुतानी हे तिथे शिकलेले पहिले जपानी विद्यार्थी. ते 1927 साली गेले. त्यांच्यामागून 1930 साली इवाओ आणि मिचिको यामावाकी हे दांपत्य गेले. या मंडळींनी परतताना फर्निचर किंवा इमारतींच्या आराखड्यांपेक्षा मोलाची एक गोष्ट आणली, ती म्हणजे पहिल्या वर्षाच्या सरावकामांची पद्धत. ती पद्धत शहरातल्या होतकरू तरुणांपर्यंत पोचवली रेन्शिचिरो कावाकिता यांनी. कावाकिता हे वास्तुरचनाकार. युक्रेनमधल्या खारकोव्हच्या नाट्यगृहासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या आराखड्याला चौथे पारितोषिक मिळाले होते. बाउहाउसमध्ये ते स्वतः शिकलेले नव्हते. तरीही 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी टोकियोच्या गिन्झा भागात एक छोटी शाळा काढली आणि शिक्षणाला नाव दिले ‘कोसेई’, म्हणजे रचना. पुढे पोस्टरकार झालेले कामेकुरा आणि पुढे शाळा काढणाऱ्या योको कुवासावा, दोघेही इथलेच विद्यार्थी.

या शिक्षणाचा गाभा समजायला एक सरावकाम जवळून पाहावे लागते. फोटोग्राम घ्या. यात कॅमेरा नसतो. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली प्रकाशसंवेदी कागद ठेवायचा, त्यावर काचेचा पेला, पान, तारेची जाळी, दोऱ्याचे वेटोळे असे काही मांडायचे, काही सेकंद पांढरा दिवा लावायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये बुडवायचा. ज्या भागावर वस्तूने प्रकाश अडवला तो पांढरा राहतो, उघडा भाग काळा होतो. काचेतून गाळून गेलेला प्रकाश मधल्या करड्या छटा उमटवतो. पान कागदाला चिकटले असेल तर कड धारदार येते, किंचित उचललेले असेल तर विरघळते. विद्यार्थी या एका कामात कितीतरी गोष्टी शिकतो: वस्तूचा आकार आणि तिची सावली वेगळी असते, मोकळी जागा हाही एक आकार असतो, करड्यालाही पायऱ्या असतात, आणि दिवा दोन सेकंद जास्त राहिला तर सगळा तोल बिघडतो. मग हाच कागद वापरून पान रचायचे, त्यात एखादे अक्षर बसवायचे. छायाचित्रण आणि ग्राफिक डिझाइन हे दोन विषय नसून उजेड आणि काळोखाच्या मांडणीची दोन टोके आहेत, हे त्याला कुणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. कावाकिता यांनी कात्सुओ ताकेई यांच्याबरोबर 1934 साली या सरावकामांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि तो शाळाशिक्षकांसाठी लिहिला. विचार असा की ही नजर थोड्या कलावंतांची मिरास राहू नये, ती मुलांच्या वर्गात उतरावी.

युद्धानंतर हे बीज पुन्हा रुजले. योको कुवासावा यांनी 1954 साली टोकियोतल्या आओयामा भागात स्वतःची डिझाइनशाळा काढली. बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस त्याच वर्षी जपानला आले आणि या नवख्या शाळेला त्यांनी भेट दिली. इथे छायाचित्रण शिकवायला यासुहिरो इशिमोतो होते. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले, कोची प्रांतात वाढलेले, युद्धकाळात अमेरिकेतल्या नजरकैदेत राहिलेले इशिमोतो पुढे शिकागोच्या डिझाइन संस्थेत शिकले. ही संस्था बाउहाउसचे माजी शिक्षक मोहोली-नाज यांनी 1937 साली ‘नवे बाउहाउस’ म्हणून सुरू केलेल्या शाळेची वारसदार. म्हणजे जर्मनीहून टोकियोला आलेला धडा शिकागोमार्गे दुसऱ्यांदा टोकियोला आला. क्योतोच्या कात्सुरा राजवाड्याची इशिमोतो यांनी टिपलेली छायाचित्रे पाहिली की त्या धड्याची ताकद कळते. तिथे राजवाड्याचा थाट दिसत नाही. दिसतात फरशीचे दगड, लाकडी खांब आणि कागदी दारे यांतले चौकोन, आणि त्यांमधली मोकळी जागा. कियोजी ओत्सुजी यांनीही याच शाळेत आणि पुढे त्सुकुबा विद्यापीठात छायाचित्रण शिकवले. 1966 साली कुवासावा यांनी तोक्यो झोकेई विद्यापीठ स्थापन केले. त्याआधी 1958 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने ‘डिझाइन’ हा शब्द शाळकरी मुलांच्या कलेच्या तासात आणला होता. ताकेई आणि कावाकिता यांच्या ग्रंथाला चोवीस वर्षे झाली होती.

आता आक्षेप. पहिला असा की हे सारे उसने आहे, यात जपानचे काय? सरावकाम उसने होते हे खरेच. पण सरावकामाला देश नसतो, त्यात भरलेल्या सामग्रीला असतो. र्युइची यामाशिरो यांचे 1955 सालचे जंगलाचे पोस्टर पाहावे. त्यात चित्र नाही, फक्त छापील अक्षरे आहेत. झाडासाठीचे एक चिन्ह, तेच दोनदा जोडले की राई, तीनदा जोडले की अरण्य. लहानमोठ्या आकारांत विखुरलेल्या त्या चिन्हांतून कागदावर जंगल उभे राहते. कुणाही परदेशी पाठ्यपुस्तकात हे उत्तर सापडले नसते, पण बिंदू, दाटी आणि विरळपणा यांचा सराव नसता तर ते सुचलेही नसते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: सगळ्यांना एकच काम दिले की सगळे एकसारखे होतात, आणि खरी प्रतिभा वर्गाबाहेरच फुलते. उदाहरण म्हणून तादानोरी योकोओ यांचे नाव घेतले जाते. डिझाइनचे औपचारिक शिक्षण नसूनही त्यांनी 1960 च्या दशकातली सर्वांत भडक, सर्वांत बेलगाम पोस्टरे केली. पण योकोओ कोब्यातल्या वृत्तपत्रात आणि पुढे निप्पोन डिझाइन सेंटरमध्ये काम करीत वाढले. रोजचे ठरलेल्या मापाचे आणि ठरलेल्या वेळेत द्यायचे काम हीसुद्धा कादाईच होती. दुसरीकडे कुवासावा शाळेच्या मुशीतून आलेले विद्यार्थी पाहावेत. शिरो कुरामाता यांनी काचेच्या आणि जाळीच्या खुर्च्या केल्या. युताका ताकानाशी यांनी 1968 साली ‘प्रोव्होक’ हे छायाचित्रांचे नियतकालिक काढण्यात भाग घेतला आणि रवाळ, हललेल्या, धूसर चित्रांची बाजू घेतली. सरावाने हात बांधले असते तर एकाच शाळेतून इतके परस्परविरोधी हात निघाले नसते. गाण्यात सरगमचे पलटे सगळ्यांचे एकच असतात, म्हणून दोन गवयांचा यमन एकसारखा होत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. उद्योगांची भरभराट झाली आणि ऑलिम्पिक आले, म्हणून डिझाइन आले, असे म्हटले जाते. पैशाने कामे आणली, हे मान्य. पण 1960 च्या दशकात जे हात तयार होते ते 1930 च्या दशकातल्या गरिबीत आणि युद्धानंतरच्या पडझडीत शिकले होते. मागणी आल्यावर शिक्षण सुरू झाले असते तर 1964 ला उत्तर द्यायला कुणीच नसते.

चौथा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. हीच कसबे युद्धाच्या प्रचारालाही वापरली गेली. योनोसुके नातोरी यांच्या निप्पोन कोबो या गटाने 1934 पासून ‘निप्पोन’ हे देखणे नियतकालिक काढले. छायाचित्रकार केन दोमोन आणि कामेकुरा यांच्यासारख्यांनी तिथे काम केले आणि ते जगाला जपानची बाजू सांगत राहिले. 1942 पासून ‘फ्रंट’ हे नियतकालिक निघाले. त्याची मांडणी हिरोमु हारा यांची आणि छायाचित्रणाची बाजू इहेई किमुरा यांच्याकडे. अनेक भाषांत छापलेल्या त्या अंकांत छायाचित्रे कापून, जोडून सैन्याचे बळ फुगवून दाखवले जाई. रचनेचे पाठ डोळ्याला धार देतात, धार कुणावर चालवायची ते सांगत नाहीत. म्हणून चिकित्सेच्या तासात ‘हे नीट बसले आहे का’ याच्याबरोबर ‘हे कशासाठी आणि कुणासाठी’ हा प्रश्नही यायला हवा. जपानमध्ये तो प्रश्न अखेर विद्यार्थ्यांनीच विचारला. जाहिरात कलावंतांची ‘निस्सेन्बी’ ही संघटना 1951 पासून प्रदर्शने भरवत होती आणि तिच्या पारितोषिकावर कारकिर्दी उभ्या राहत. 1969 साली आंदोलक विद्यार्थ्यांनी तिच्या परीक्षणात व्यत्यय आणला आणि 1970 साली ती विसर्जित झाली. मला यात शिक्षणाचे अपयश दिसत नाही. ज्यांना पाहायला शिकवले त्यांनी शिकवणाऱ्यांकडेही पाहिले.

हा मागोवा मराठी वाचकासाठी परका नाही. मुंबईच्या जे. जे. मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग 1935 साली सुरू झाला, म्हणजे कावाकितांचा ग्रंथ निघाल्याच्या पुढच्याच वर्षी. पवईच्या आयआयटीत डिझाइनचे केंद्र 1969 साली आले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांतले संकल्पचित्र हे नावही किती नेमके आहे. त्यात आधी संकल्प आहे, मग चित्र. पण चौकोनात फुलपाने बसवून पोस्टर कलरने सफाईदार भरणे एवढाच त्याचा अर्थ उरला तर संकल्प गळतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग प्राथमिक धड्यांची गरज काय, असे कुणी विचारेल. उलट, शंभर फोटो फुकट निघतात तेव्हा एकाच कागदावर एकदाच प्रकाश टाकण्याची सक्ती जास्त शिकवते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक अंधारी खोली, पिंपळाचे एक पान, ‘क’ हे एक अक्षर आणि घड्याळ पुरेसे आहे. शेवटी लागतो भिंतीवर लावलेल्या चाळीस कागदांसमोर उभा राहून प्रत्येकाला ‘असे का केलेस?’ असे विचारणारा शिक्षक, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची त्याची तयारी.