इंजिनाविना स्थितांबरात

भर दुपारी आकाशात घिरट्या घालणारी घार तुम्ही पाहिली असेल. पंख जवळजवळ न हलवता ती वर वर जाते आणि शेवटी ठिपक्याएवढी दिसू लागते. ग्लायडर हे असेच, इंजिन नसलेले विमान. २ सप्टेंबर २०१८ रोजी 'पर्लान-२' ह्या ग्लायडरमधून जिम पेन आणि टिम गार्डनर ह्या वैमानिकांनी अर्जेंटिनातील एल कालाफातेच्या परिसरात सुमारे २२.६ किलोमीटर उंची गाठली. दुसऱ्या एका विमानाने दोराने ओढून ग्लायडर उंचावर नेऊन सोडले होते. तेथून पुढची चढाई मात्र निव्वळ हवेच्या बळावर झाली. प्रवासी जेट विमाने साधारणपणे १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. मग बिनइंजिनाचे विमान त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर गेले कसे?

पडता पडता चढणे

विहिरीतून बादली वर ओढली जात आहे आणि बादलीच्या आतल्या बाजूने एक मुंगी हळूहळू खाली उतरत आहे, अशी कल्पना करा. बादलीच्या दृष्टीने मुंगी खाली जात आहे, पण काठावर उभ्या असलेल्या माणसाला ती वरच येताना दिसेल. ग्लायडरचे अगदी असेच असते. सभोवतालच्या हवेच्या दृष्टीने ते सतत खाली घसरत असते. पण ती हवाच अधिक वेगाने वर चढत असेल, तर जमिनीपासूनची त्याची उंची वाढत जाते.

घार वापरते ते तापलेल्या जमिनीवरून उठणारे उष्ण हवेचे झोत. पण हे झोत तपांबराच्या पलीकडे जात नाहीत. स्थितांबरात वर जावे तसे तापमान प्रथम जवळपास कायम राहते व नंतर वाढते. त्यामुळे खालून आलेली हवा तेथे भोवतालच्या हवेपेक्षा थंड व जड ठरते आणि अडते. याहून वर जायचे तर दुसरा जिना शोधायला हवा.

हवेतील लाटा

हा जिना १९३३ मध्ये वोल्फ हिर्ट व हान्स डॉइचमान ह्या जर्मन ग्लायडरपटूंना रीझेनगेबिर्ग पर्वताजवळ सापडला. वाहत्या ओढ्यात बुडालेल्या दगडाच्या पुढे पाण्यावर लाटा उठतात. पाणी वाहत राहते, पण लाटा जागच्या जागी असतात. डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यातही अशाच लाटा उठतात. डोंगरामुळे वर ढकललेली हवा प्रसरण पावून थंड होते. भोवतालच्या हवेपेक्षा जड झाल्याने ती खाली येते, वेगामुळे मूळ पातळीच्याही खाली जाते आणि पुन्हा वर उसळते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे हेच दोलन! ह्या दोलनाला सुमारे १० मिनिटे लागतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर तेवढ्या वेळात हवा १२ किलोमीटर पुढे जाते. म्हणजे लाटेची लांबी झाली १२ किलोमीटर. लाटेच्या चढत्या बाजूला, वाऱ्याकडे तोंड करून ग्लायडर धरून ठेवले की ते वर जात राहते.

विक्रम आणि शरीर

अमेरिकेतील सिएरा नेव्हाडा पर्वताच्या लाटांवर लॅरी एडगर व हॅरल्ड क्लीफोर्थ १९५२ मध्ये १३,४८९ मीटरपर्यंत गेले. १९६१ मध्ये पॉल बाइकल यांनी १४,१०२, तर १९८६ मध्ये रॉबर्ट हॅरिस यांनी १४,९३८ मीटर गाठले. ३४ वर्षांत वाढ झाली ती दीड किलोमीटरपेक्षाही कमी!

याचे एक कारण आपल्या शरीरात आहे. १५ किलोमीटरच्या आसपास हवेचा दाब पाऱ्याच्या फक्त ९० मिलिमीटरएवढा असतो. फुप्फुसातील पाण्याच्या वाफेचाच दाब ४७ मिलिमीटर असतो. उरलेल्या ४३ मध्ये कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन या दोघांनी मावायचे! शुद्ध ऑक्सिजन घेऊनही माणूस तेथे कसाबसा तग धरतो. १९ किलोमीटरच्या सुमारास तर बाहेरचा दाबच ४७ मिलिमीटर होतो. तेथे उघडे पाणी शरीराच्या तापमानालाच, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, उकळते. म्हणून २००६ मध्ये १५,४६० मीटर गाठताना स्टीव्ह फॉसेट व आयनार एनेव्होल्डसन यांनी दाबयुक्त पोशाख घातले होते. 'पर्लान-२' मध्ये तर सारी बैठकच हवाबंद करून आत दाब राखलेला आहे.

लाट कोठे थांबते?

दुसरे कारण वाऱ्याचे. डोंगरावरची लाट वर वर पोहोचायची तर प्रत्येक थरात वारा साधारण त्याच दिशेने वाहायला हवा. जेथे वाऱ्याचा वेग शून्य होतो किंवा दिशा उलटते, तेथे ही लाट संपते. दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरातही जोराचे पश्चिमी वारे असतात. अँडीज पर्वताच्या दक्षिण टोकाकडे खालचे वारेही पश्चिमी आणि पर्वत त्यांना आडवा. म्हणूनच ही मोहीम एल कालाफातेला, तीही तेथील हिवाळ्यात गेली.

मग सह्याद्रीचे काय? पावसाळ्यात पश्चिमी मोसमी वारे त्यावर आदळतात, पण सुमारे ६ किलोमीटरच्या वर वारे पूर्वेकडून वाहतात. मधे कोठेतरी वेग शून्य होतो आणि लाटेची वाट बंद होते.

विरळ हवेचे दोन परिणाम

२२.६ किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे विसावा भाग असते. लाटेची ऊर्जा घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने, वाटेत ऊर्जा खर्च झाली नाही, तर घनता घटेल तशी लाट मोठी होत जाते. वीसचे वर्गमूळ सुमारे साडेचार, तेव्हा खालची लहानशी लाट वर साडेचारपट मोठी होऊ शकते. पण पंखांना उचलणारे बलही घनता व वेगाचा वर्ग यांवरच ठरते. म्हणून जमिनीजवळ ताशी ८० किलोमीटर वेगाने तरंगणाऱ्या ग्लायडरला तेथे ताशी सुमारे ३६० किलोमीटर वेग लागेल. ज्या नियमाने चढाव मिळतो, त्याच नियमाने धोकाही वाढतो. इतक्या वेगात लांब पंख थरथरू लागले तर ते मोडू शकतात.

डोंगराच्या पलीकडे भिंगाच्या आकाराचा एखादा ढग वाऱ्यातही जागचा हलत नसलेला दिसला, तर तो अशाच लाटेच्या माथ्यावर तयार झालेला असू शकतो. आणि ढग नाही दिसला, तरी ओढ्यातला दगड आहेच. त्याच्यापुढच्या लाटेकडे थोडा वेळ नीट पाहा.